टेकडीवरची हौस आणि टिटवीची अंडी

पुण्याच्या वेताळ टेकडीवर एप्रिल-मे महिन्यांत भल्या सकाळी चढून गेले, की माथ्यावरच्या वाळलेल्या गवतातून एक कर्कश, घाबरी ओरड ऐकू येते. ती टिटवीची असते. फिरायला येणाऱ्या बहुतेकांना त्या ओरडण्याचा अर्थ ठाऊक नसतो आणि ज्यांना आवाज ओळखू येतो त्यांपैकी अनेकजण तिला अपशकुनी म्हणून मोकळे होतात. खेड्यातल्या शेतकऱ्याचे मात्र तिच्याशी वेगळे नाते आहे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, खोलगट जागी घातली तर बेताचा, असा त्याचा पिढीजात ठोकताळा. ठोकताळ्याचे खरेखोटे बाजूला ठेवले, तरी त्यामागचे निरीक्षण पक्के आहे. टिटवी जमिनीवर अंडी घालते आणि पावसाळ्याच्या तोंडावरच्या रणरणत्या दिवसांतही घालते.

घरटे म्हणावे असे त्या जागी काही नसते. चार खडे बाजूला सारून केलेला वीतभर खळगा आणि त्यात बहुधा चार अंडी. मातकट रंगावर काळसर ठिपके असल्यामुळे ती आजूबाजूच्या मुरुमात इतकी मिसळून जातात, की दोन हातांवरून गेलेल्या माणसालाही दिसत नाहीत. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात. अंडी फुटायला अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात. ‘उबवणे’ हा शब्द इथे थोडा फसवाच म्हणावा लागेल. ऐन उन्हाळ्यात अंड्यांना ऊब देण्यापेक्षा त्यांना उन्हापासून वाचवणे हेच आईबापांचे मोठे काम होऊन बसते. भर दुपारी टिटवी अंड्यांवर आपल्या अंगाची सावली धरून उभी राहते. जवळपास पाणी असेल तर पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी गार करते. पक्ष्याच्या अंड्यातला जीव साधारण ३६ ते ३८ अंश सेल्सिअसला नीट वाढतो. तापमान चाळिशीच्या वर जाऊन तिथेच राहिले, की तो धोक्यात येतो. उघड्यावरची मुरमाड जमीन तर उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. त्यामुळे ऐन उन्हातला अर्धा तास टिटवीला अंड्यांपासून दूर राहावे लागले, तर महिनाभराचे श्रम वाया जाऊ शकतात. सकाळी ऊन कमी असते हे खरे. परंतु तेव्हा कावळे आणि मुंगूस टपून असतात आणि त्यांना पाच मिनिटेही पुरतात.

नेमक्या याच दिवसांत शाळा-महाविद्यालयांना सुट्या लागतात आणि शहरातली हौस टेकडीवर चढते. कोणी नवा ड्रोन उडवून पाहतो, कोणी रिमोटवर चालणारे छोटे विमान घेऊन येतो. एखादा गट ब्लूटूथ स्पीकर लावून व्यायाम करतो, तर लग्न ठरलेली जोडपी छायाचित्रकारांच्या लवाजम्यासह गवतात येतात. यांतल्या कोणाच्याही मनात पक्ष्यांविषयी आकस नसतो. उलट, मोकळ्या हवेची आणि निसर्गाची ओढ असल्यामुळेच ही मंडळी मॉल सोडून टेकडीवर येतात. पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने उन्मत्तपणे वाहून नेली होती. टेकडीवरच्या टिटवीची अडचण अशी, की तिच्यासमोर कोणी उन्मत्त नाहीच.

ड्रोनचे उदाहरण घेऊ. त्याच्या पात्यांची गुणगुण माणसाला काही मिनिटांत सवयीची होते. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र डोक्यावर घिरट्या घालणारी वस्तू म्हणजे पहिल्यांदा शिकारी पक्षी, बाकी सारे नंतर. अर्थात, प्रत्येक ड्रोनमुळे प्रत्येक पक्षी उडतो असेही नाही. फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात बदके, रोहित आणि हिरव्या पायांचे तुतवार यांच्याकडे दोनशेहून अधिक वेळा ड्रोन नेऊन पाहिला. ऐंशी टक्के वेळा तो चार मीटरपर्यंत आला तरी पक्ष्यांनी दखल घेतल्याचे दिसले नाही. ड्रोनचा रंग किंवा वेग यांनी फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो कोनाने. सरळ वरून खाली उतरणाऱ्या ड्रोनवर पक्ष्यांची प्रतिक्रिया सर्वांत तीव्र होती. हौशी उडवणारा नेमके हेच करतो. खाली काहीतरी हलताना दिसले, की ते नीट पाहण्यासाठी तो ड्रोन त्याच्या माथ्यावर आणून खाली उतरवतो.

शिवाय हा अभ्यास चरणाऱ्या आणि विसावलेल्या पक्ष्यांचा होता. अंड्यांवर बसलेल्या पक्ष्यांचे काय होऊ शकते, हे २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात दिसले. हंटिंग्टन बीच शहरालगतच्या बोल्सा चिका या राखीव पाणथळीत ड्रोन उडवण्यास बंदी आहे. तरीही कोणीतरी उडवलेला एक ड्रोन विणीच्या बेटावर कोसळला. एलिगंट टर्न जातीचे हजारो सुरय पक्षी एकाच वेळी उडाले आणि परत आलेच नाहीत. वाळूवर दीड ते दोन हजार अंडी तशीच पडून राहिली. एका माणसाच्या एका दुपारच्या खेळाची ही किंमत होती. टेकडीवर अशी हजारोंची वसाहत नसते, एखाद-दुसरी जोडी असते. त्यामुळे नुकसान झाले तरी त्याची बातमी होत नाही, इतकेच.

आवाजाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. गोंगाटाने पक्षी दरवेळी उडून जात नाही. कित्येकदा तो जागीच राहतो आणि बहिरा होतो. त्याचे कान शाबूत असतात, पण ऐकायला हवे ते त्याला ऐकू येत नाही. तित्तिराची साद, चंडोलाचे आकाशात चढत जाणारे गाणे, रातव्याची तिन्हीसांजेची ‘चक्-चक्-चक्’ या सगळ्यांचा उपयोग हद्द सांगण्यासाठी, जोडीदार मिळवण्यासाठी आणि धोक्याची सूचना देण्यासाठी होतो. गवतात राहणाऱ्या पक्ष्याला दूरचे दिसत नाही, म्हणून त्याचा भरवसा कानांवर. तो कानच गोंगाटाने झाकला, की मांजर जवळ आल्याचे उशिरा कळते आणि पिलांना ‘निपचित पडा’ असे सांगणारी हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

नुसता आवाज पक्ष्यांना हुसकावतो, की त्याबरोबर येणारी माणसे, वाहने आणि धूळ, असा प्रश्न कोणीही विचारील. अमेरिकेतील आयडाहो राज्यात संशोधकांनी त्याचे उत्तर मोठ्या युक्तीने शोधले. २०१२ च्या शरद ऋतूत, जिथे रस्ताच नाही अशा एका डोंगरसोंडेवर त्यांनी सुमारे अर्धा किलोमीटरपर्यंत ध्वनिवर्धक टांगले आणि त्यांतून केवळ वाहनांच्या रहदारीचा आवाज ऐकवला. चार दिवस आवाज सुरू, चार दिवस बंद, असा क्रम ठेवला. रस्ता नाही, गाड्या नाहीत, धूर नाही. तरीही आवाजाच्या दिवसांत तिथल्या स्थलांतरी पक्ष्यांची संख्या चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. या प्रयोगाला त्यांनी ‘भुताचा रस्ता’ असे नाव दिले. उलट बाजूचा पुरावा २०२० च्या टाळेबंदीने दिला. सॅन फ्रान्सिस्कोतील शुभ्रशिर चिमण्यांची गाणी त्या शांत वसंतात ध्वनिमुद्रित केली गेली. त्या हळू आवाजात गात होत्या, तरीही त्यांचे गाणे आधीच्या दुप्पट अंतरावर पोचत होते. त्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांतील रहिवाशांनाही ‘यंदा पक्षी फार वाढलेत’ असे वाटले होते. एक-दोन महिन्यांत पक्षी वाढत नसतात. ते आधीपासून तिथेच होते. ऐकू येऊ लागले एवढेच.

शांतता भंग करणाऱ्यांत पक्षिप्रेमीही आहेत, हे या विषयातील सर्वांत अवघड प्रकरण. नवरंग हा देखणा पक्षी पावसाच्या आगेमागे पुण्याच्या झाडीत दिसू लागतो. पहाटे आणि सायंकाळी तो हमखास शीळ घालतो. तमिळमध्ये तर त्याचे नावच ‘सहा वाजताचा पक्षी’ अशा अर्थाचे आहे. तो दाट सावलीत, जमिनीवरच्या पाचोळ्यात वावरतो आणि छायाचित्रासाठी सहज समोर येत नाही. मग खिशातला भ्रमणध्वनी बाहेर निघतो आणि त्यावर नवरंगाचीच मुद्रित शीळ वाजवली जाते. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला, या समजुतीने खरा नवरंग चवताळून उघड्या फांदीवर येतो आणि कॅमेऱ्यांचा कडकडाट होतो. छायाचित्र उत्तम येते. पक्ष्याचा मात्र चारा शोधण्याचा वेळ नसलेल्या शत्रूशी भांडण्यात जातो आणि तो उघड्यावर आल्याने शिकारी पक्ष्याच्या नजरेत भरतो. इक्वेडोरच्या जंगलातील एका अभ्यासात, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, असे आढळले, की रोज आवाज वाजवल्यावर एका जातीचे पक्षी सुमारे बारा दिवसांनी त्याकडे लक्ष देईनासे झाले. हा दिलासा आहे असे काहीजण मानतात. पण हद्दीत शिरलेल्याकडे दुर्लक्ष करायला शिकलेला पक्षी खरा प्रतिस्पर्धी आल्यावर काय करणार, हा प्रश्न उरतोच. एकाने एकदा शीळ वाजवली तर बिघडत नाही. रविवारी सकाळी ओळीने दहाजण येतात तेव्हा बिघडते, आणि त्या दहांतला प्रत्येकजण आपण पहिलेच आहोत असे समजतो.

टेकडीवरच्या गोंगाटाची तक्रार करणाऱ्या ज्येष्ठांचीही याच संदर्भात थोडी विचारपूस व्हायला हवी. तरुणांच्या स्पीकरला नावे ठेवणाऱ्या कित्येकांच्या सदऱ्याच्या खिशातून अभंग मोठ्याने ऐकू येत असतात. हास्यक्लबचे सात मजली हसू प्रकृतीला उत्तम; पण पाच मीटरवर बसलेल्या तित्तिराला भक्तिसंगीत, सिनेसंगीत आणि हास्य यांतला फरक कळत नाही. शांततेचा नियम करायचा तर तो आवाजाच्या हेतूवर नव्हे, आवाजावर बेतावा लागेल.

कायद्याकडे वळले, की चित्र मोठे विचित्र दिसते. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या सामान्य समजुतीहून पुष्कळ व्यापक आहे. तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही मोडते. म्हणजे तत्त्वतः घरट्यावर ड्रोन उतरवणारा हौशी कायद्याच्या नजरेत शिकाऱ्याच्या पंगतीला जाऊन बसू शकतो. व्यवहारात हे सिद्ध करणार कोण? अभयारण्यात वनरक्षक असतो, प्रवेशावर बंधने असतात, छायाचित्रणासाठीही परवानगीची तरतूद असते. वेताळ टेकडी हे अभयारण्य नाही. तिचा काही भाग वनखात्याकडे आहे, काही महापालिकेकडे, काही संस्थांकडे, काही खासगी मालकीचा. भांबुर्डा वनविहाराच्या कुंपणापलीकडे पाऊल टाकले, की नेमके कोणाच्या हद्दीत आलो हे नेहमी येणाऱ्यालाही सांगता येत नाही. गोंगाटाची तक्रार कोणाकडे करायची, इथूनच सुरुवात असते.

ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या ‘नॅनो’ ड्रोनला आणि हौसेखातर उडवल्या जाणाऱ्या दोन किलोपर्यंतच्या ‘मायक्रो’ ड्रोनला वैमानिक परवान्याची गरज नाही. देशाचे आकाश लाल, पिवळ्या आणि हिरव्या विभागांत वाटलेले आहे. ही वाटणी मुख्यतः विमानतळ आणि संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची ठिकाणे यांच्या सुरक्षिततेसाठी आहे. २०१८ च्या आधीच्या नियमावलीत राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रांचा वेगळा उल्लेख तरी होता. शहरातल्या टेकडीवर वीण करणाऱ्या पक्ष्याचा विचार तेव्हाही नव्हता.

खरा उपयोगी दरवाजा वेगळ्याच ठिकाणी आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० हे लोकांना माहीत आहेत ते गणपती आणि नवरात्रातल्या रात्री दहाच्या मर्यादेमुळे. या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; शांतता क्षेत्रासाठी ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. शांतता क्षेत्र म्हटले, की रुग्णालय, शाळा, न्यायालय डोळ्यांपुढे येतात. परंतु नियमांच्या परिशिष्टातील टिपेत त्यांच्यापुढे ‘सक्षम प्राधिकरणाने तसे घोषित केलेले अन्य कोणतेही क्षेत्र’ अशा अर्थाची तरतूद आहे. म्हणजे एखादे उद्यान किंवा टेकडीचा माथा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्यास कायद्याची आडकाठी नाही. तसे जाहीर झाल्यास तिथे संगीत वाजवणे, ध्वनिवर्धक वापरणे, ढोल बडवणे, फटाके उडवणे या कृती आपोआप दंडनीय ठरतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मात्र राज्य सरकारने रीतसर अधिसूचित केल्याशिवाय कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरत नाही. दरवाजा आहे, पण त्याची किल्ली मंत्रालयात आहे. शिवाय डेसिबलची ही मोजणी माणसाच्या कानाच्या ठेवणीप्रमाणे केलेली असते. तित्तिराच्या कानाचा हिशेब अजून कोणत्याच नियमात आलेला नाही.

बंदीचा विचार करताना दुसरी बाजूही तितक्याच गांभीर्याने घ्यावी लागते. सदनिकेत राहणाऱ्या मुलाने विमान उडवायचे कुठे? संकुलाच्या आवारात खेळायला मनाई, शाळेचे मैदान सुटीत कुलूपबंद, आणि रिकामा भूखंड म्हणजे उद्याची इमारत. ढोल-ताशा पथकांचेही तेच. पावसाळ्यात मुठेच्या पात्रालगत सराव सुरू झाला, की दरवर्षी काठावरच्या रहिवाशांच्या तक्रारी येतात आणि वाद पेटतो. मिरवणुकीतील पथकात तीसच वादक असावेत, या हरित न्यायाधिकरणाच्या २०२४ मधील निर्देशाला सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्थगिती दिली. या साऱ्या वादात रहिवाशांचे कान आणि वादकांचा हक्क यांची बाजू मांडली जाते. नदीकाठच्या झाडांवर आणि वेळूत त्याच महिन्यांत वीण करणाऱ्या सुगरणींची बाजू कोणी मांडत नाही. आणि सरावाला दुसरी जागा कोणती, हेही कोणी सांगत नाही. हाकलणे सोपे असते. एका ठिकाणाहून हाकललेली हौस दुसऱ्या, बहुधा अधिक निवांत आणि म्हणूनच पक्ष्यांना अधिक मोलाच्या जागी जाऊन बसते.

न्यूयॉर्क शहराने यातून काढलेला मार्ग पाहण्यासारखा आहे. तिथल्या उद्यानांत यांत्रिक विमाने उडवण्यास सर्वसाधारण मनाई आहे. पण त्याच नियमाने शहरात काही मोजकी मैदाने या छंदासाठी राखूनही ठेवली आहेत. सेंट्रल पार्कमध्ये काही भाग ‘शांत विभाग’ म्हणून निश्चित केलेले आहेत. तिथे गाणेबजावणे चालत नाही, अन्यत्र नियमांत राहून चालते. लंडनच्या राजउद्यानांनी ड्रोनना सरसकट बंदी केली. पण त्यांच्यापैकी रिचमंड पार्कमध्ये, चंडोलाचा एक भाईबंद जमिनीवर घरटे करतो अशा गवताळ तुकड्यांत, विणीच्या महिन्यांपुरतेच कुत्र्यांना साखळीने बांधून नेण्याचे बंधन आहे. वर्षभर सगळीकडे नाही. ठरावीक तुकड्यांत आणि ठरावीक महिन्यांत. या बारकाव्यामुळेच असा नियम पाळण्याजोगा होतो.

वेताळ टेकडीच्या बाबतीत हे अशक्य का असावे? पुणेकरांचे या टेकडीवर प्रेम आहे, याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. बालभारती-पौड फाटा रस्ता आणि बोगद्यांच्या प्रस्तावांविरोधात २०२३ मध्ये नागरिक मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले होते. कोणत्या पठारावर टिटवी बसते, कोणत्या उतारावर रातवा, हे रोज चढणाऱ्या पक्षिनिरीक्षकांना नेमके ठाऊक असते. त्यांच्या नोंदींवरून मार्च ते जुलैपुरते दोन-तीन तुकडे निश्चित करता येतील. तिथे पायवाट सोडून जाणे, ड्रोन, स्पीकर आणि मुद्रित शीळ एवढ्या चार गोष्टींना मनाई करून उरलेली टेकडी नेहमीसारखी मोकळी ठेवता येईल. त्याचबरोबर सुटीच्या दिवसांत शाळा-महाविद्यालयांची दोन-चार मैदाने विमाने आणि ड्रोन उडवणाऱ्यांना ठरावीक वेळी खुली करून द्यावी लागतील. पहिली गोष्ट वनखाते आणि महापालिका यांच्या हातात आहे, दुसरी संस्थाचालकांच्या. आणि दुसरी झाल्याखेरीज पहिली टिकणार नाही.

एक दक्षता मात्र घ्यायला हवी. घरट्याभोवतीच खुंट्या ठोकून दोरी बांधली, तर कावळ्याला आणि कुतूहल असलेल्या माणसाला आयताच पत्ता मिळतो. म्हणून दोरी घरट्याला नव्हे, सगळ्या तुकड्याला, चांगली दूरवरून घालावी लागते आणि फलकावर पक्ष्याचे नाव आणि महिने लिहावेत, जागा लिहू नये. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर घरट्यात रेंगाळत नाहीत. पिसांची लव वाळते न वाळते तोच ती पायांवर उभी राहतात आणि दिवसभरात आईबापांच्या मागे गवतात चालू लागतात. विणीचा काळ आटोपून पिल्ले उडू लागली, की दोरी सोडून गुंडाळून ठेवता येते; पुढच्या मार्चपर्यंत तिची गरज नसते.